एक वीत, दोन बोटं

माझ्या गोधडीतला मधला चौक बाकीच्या चौकांपेक्षा बोटभर मोठा आहे. घरी आलेल्या बायका गोधडी उलगडून बघतात, कौतुक करतात आणि मग त्यांची नजर तिथं अडते. "हितं जरा चुकलं वाटतं," असं म्हणतात. मी "हो" म्हणते. सांगायला बसले तर मेहरूनचाचींपासून सुरुवात करावी लागेल, आणि तोवर चहा निवून जाईल. लिहिताना ती अडचण नाही.

आमची वाडी जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगरात आहे. भात आणि नाचणी पिकते, एसटी दिवसातून दोनदा येते. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मी आश्रमशाळेतून बारावी झाले, जुन्नरच्या कॉलेजात बीएस्सीला नाव लागलं, पण वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही. वडील बाजारात कुणाकुणाला विचारत फिरले. एका कापडवाल्यानं सांगितलं, "बाजारपेठेच्या मागल्या गल्लीत मेहरूनचाची हायेत. एकट्याच असतात. वरची खोली देतात, पण शिकणाऱ्या पोरीलाच. आन् एका वेळी एकीलाच."

आम्ही गेलो तेव्हा चाची उंबऱ्याच्या आत पायमशीनवर बसल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, बारीक चणीच्या, डोक्यावरून ओढणी, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी मान वर केली नाही. "या पावणं, बसा. शिवण मधी सोडता येत न्हाई," म्हणाल्या आणि तुकडा संपेपर्यंत पाय चालवत राहिल्या. मग दोरा दातानं तोडला आणि वळल्या.

"पोरीला शिकायचंय," वडील म्हणाले.

"काय खाती?"

"भात. नाचणीची भाकर. आमच्याकडं दुसरं काय असतंय?"

"आन् लावणीला बोलावणार का तिला?"

भाताच्या लावणीला माणसं मिळत नाहीत, घरातली सगळी चिखलात उतरतात. वडिलांनी टोपी काढली, परत घातली. "आठ दिस तर यावंच लागंल की."

"मग खोली न्हाई."

वडील माझ्याकडं बघायला लागले, मी त्यांच्याकडं. एवढ्या झटक्यात कुणी नकार दिलेला आम्ही पाहिला नव्हता. शेवटी वडील म्हणाले, "बरं. न्हाई बोलवत."

"कापणीला?"

"कापणीला बी न्हाई."

चाचींनी मान हलवली. मग त्यांनी जुना पेपर जमिनीवर अंथरला आणि मला म्हणाल्या, "हात ठेव. पसर पुरता." मी पंजा पसरला. माझ्या अंगठ्याच्या टोकाला आणि करंगळीच्या टोकाला त्यांनी नखानं खूण केली, त्याच्या पुढं माझीच दोन बोटं आडवी ठेवून घेतली आणि तेवढा चौकोन कापून काढला. "नाव लिही तुझं कोपऱ्यात." मी लिहिलं, मनीषा. कागद ट्रंकेत गेला. वडिलांना वाटलं, खोली भाड्यानं देण्याची ही इथली रीत असेल, अंगठा घेतात तशी. घरी गेल्यावर त्यांनी आईला सांगितलं, "बाई भली हाय. हाताचं माप घेऊन ठेवलंय."

त्या खोलीत मी तीन वर्षं राहिले.

चाची गोधड्या शिवायच्या. पण आमच्याकडं जुनी लुगडी एकावर एक घालून धावदोरा मारतात, तशा नव्हेत. त्यांची गोधडी चौकांची असायची. चौक म्हणजे लहान लहान तुकडे जोडून केलेला एक चौकोन, असे पंचवीस चौक जोडले की वरची बाजू तयार होते. खाली अस्तर घालून मग टाके. बाजारातले शिंपी कटपीस त्यांच्याकडं पिशव्या भरून पाठवायचे. चाचींच्या नवऱ्याचंही शिंप्याचं दुकान होतं, मशीन त्यांचंच. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्यांच्याकडं नमुना नावाची वस्तू नव्हती. पट्टी नव्हती, टेपही नव्हता. म्हणजे टेप होता, पण तो त्या ट्रंकेला बांधायच्या. माप एकच, एक वीत आणि दोन बोटं, स्वतःच्या हाताची. तेवढा पेपरचा चौकोन घ्यायचा आणि दुमडायला लागायचं. कोपऱ्याला कोपरा, कडेला मधली घडी, परत तिरकी. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी वाढवलं होतं, ते घडीवरून फिरवायच्या. त्याला त्या "माझी इस्त्री" म्हणायच्या. मग कागद उघडायचा आणि त्यावर पडलेल्या रेघांकडं बघत बसायचं, कधी पाच मिनिटं, कधी अर्धी दुपार. कोणती रेघ ठेवायची, कोणती सोडायची हे ठरलं की कात्री घेऊन घडीवरून कागदाचेच तुकडे करायच्या. ते कापडावर ठेवायचे, भोवती ज्वारीच्या दाण्याएवढं कापड सोडून कापायचं, शिवायचं. चौक तयार झाला की कागदाचे तुकडे गोळा करून न्हाणीतल्या बंबात. सकाळी अंघोळीचं पाणी आदल्या दिवशीच्या चौकावर तापायचं.

"ठेवा की एखादा कागद," मी एकदा म्हणाले. "परत उपयोगी पडेल."

"कशाला? एकदा केलं ते झालं. दुसऱ्यांदा करताना हात झोपतो." मग हसल्या. "आमचे मागचे लोक कागद बनवायचे जुन्नरात. लांब लांब जायचा म्हणं. आन् आमी जाळतो."

दुमडण्याची सवय त्यांना बाहेरही सुटत नसे. एकदा त्यांच्याबरोबर मी येडगावला एका लग्नाला गेले. एसटीत कंडक्टरनं तिकीट दिलं की त्या ते दुमडायला लागल्या. धरणाचं पाणी दिसलं, एक घडी. द्राक्षाच्या बागेतल्या तारा दिसल्या, दुसरी. उसाच्या कडेला वनखात्यानं बिबट्यासाठी लावलेला पिंजरा दिसला तेव्हा त्या खिडकीला नाक लावून बघत राहिल्या. "आत शेळी हाय का गं?" "दिसत नाही, चाची." "दार उघडं हाय बघ. उघडं दार कसं दाखवायचं?" येडगाव येईपर्यंत त्यांनी बोलणं बंद केलं. हल्लीच्या मशीनमधल्या तिकिटावर त्यांचा राग होता. "लई गुळगुळीत. घडीच धरत न्हाई." तरीही त्यांच्या बटव्यात अशी दुमडलेली तिकिटं कायम असायची. त्या आठवड्यात बिबट्याचा पिंजरा हा चौक झाला. काळ्या पट्ट्या, आणि एका बाजूला नुसतं मोकळं पिवळं कापड. लग्नातल्या कुणाला सांगूनही कळलं नसतं, पण मला तिथं उघडं दार दिसायचं.

त्यांच्या कामात माझं गणित घुसवायचा प्रयत्न मी दुसऱ्या वर्षी केला. आलेखाच्या कागदावर, कंपास आणि पट्टी घेऊन, आठ टोकांचा तारा काढला. प्रत्येक कोन मोजलेला. चाचींनी चष्मा वर करून बघितला, "लई भारी," म्हणाल्या, आणि मलाच मशीनवर बसवलं. मी रेघेवर कापलं, रेघेवर शिवलं. झालेला चौक त्यांच्या चौकाशेजारी ठेवला तर चारी बाजूंनी आखूड, आणि ताऱ्याची टोकं शिवणीत गडप.

चाची हसून हसून डोळे पुसायला लागल्या. "अगं, शिवणीला कापडच सोडलं न्हाई! तुमच्या पुस्तकात शिवण नसती व्हय?"

नव्हती. मी पुस्तक उघडून पाहिलं नाही, पण नव्हतीच. आज मी पिंपळवंडीच्या शाळेत गणित शिकवते, आणि क्षेत्रफळाचा धडा आला की दरवर्षी मला तो आखूड तारा आठवतो.

एकदा शहरातून एका संस्थेच्या बाई आल्या होत्या. त्यांना चाचींचा एकच चौक आवडला आणि तसेच चाळीस हवे होते. चाचींनी हो म्हटलं. आठ दिवसांनी बाई आल्या तर अकरा चौक झाले होते आणि एकही दुसऱ्यासारखा नव्हता.

"चाची, हे वेगळे आहेत."

"व्हय. हा मंगळवारचा."

"पण मी सगळे सारखे सांगितले होते."

"मीबी सारखेच करत व्हते, बाई. तेच झाले न्हाईत."

बाई गेल्या. चाचींना वाईट वाटलं नाही. संध्याकाळी मात्र म्हणाल्या, "चांगली व्हती बिचारी. चहा अर्धा ठेवून गेली." त्या घरात येणारं माणूस लवकर गेलं की त्यांच्या ते लक्षात राहायचं.

हे सगळं वाचून त्या घरात हसणं फार होतं असं वाटेल. नव्हतं. दिवसाचा बराच वेळ मशीनचा आवाज असायचा आणि तो थांबला की काहीच नसायचं. मी अभ्यासाला बसले की चाची खालून हाक मारायच्या, "मोठ्यानं वाच." गणित मोठ्यानं काय वाचणार? तरी मी वाचायचे. एक्स वर्ग अधिक दोन एक्स. खालून मशीन सुरू व्हायचं. मी दिवाळीला घरी निघाले की त्या तीनदा विचारायच्या, कधी येशील. ईदला गल्लीतल्या बायका शीरखुर्मा घेऊन यायच्या, गळाभेट व्हायची, आणि बारा वाजता सगळ्या आपापल्या माणसांत परत. चाची वाट्या धुऊन मशीनवर.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं. दुपारी अडीचच्या सुमाराला मशीन थांबायचं. पाच-सात मिनिटं. मग परत सुरू. मला वाटायचं, पाणी पीत असतील. एकदा सुट्टीच्या दिवशी खाली बसले होते तेव्हा कळलं. त्या वेळेला माळशेजवरून कल्याण-भिवंडीकडची गाडी येते. स्टँडवर वळताना ती हॉर्न देते. चाची पाय थांबवून गल्लीच्या तोंडाकडं बघत होत्या. स्टँडवरून चालत यायला लागेल तेवढा वेळ त्यांनी वाट पाहिली आणि चाकाला हात घातला.

 मला अंदाज आला. माझ्या खोलीतल्या टेबलाच्या खणात बारावी विज्ञानाची एक प्रयोगवही होती. आकृत्या इतक्या स्वच्छ की मी त्यावरून माझ्या काढायचे. वर नाव होतं, शाहीन. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं. "माझी पोरगी," चाची म्हणाल्या होत्या. "भिवंडीला दिली." एवढंच.

बाकीचं त्यांनी मला सांगितलं ते माझा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी. मी पेढे घेऊन आले. चाचींनी पेढा खाल्ला, हात धुतले आणि ट्रंक उघडून पेपरचा एक पिवळा चौकोन काढला. कोपऱ्यात माझं नाव, तीन वर्षांपूर्वीच्या अक्षरात.

तेव्हा मला त्यांच्या घरची रीत कळली. गोधडीचे चोवीस चौक करणारीच्या वितीचे. मधला पंचविसावा ज्याची गोधडी असेल त्याच्या वितीचा. तो लहान असो, मोठा असो, शेजारच्या आठ चौकांच्या कडा कापून किंवा वाढवून त्याला जागा करून द्यायची. "अंगावर घेणाऱ्याचा हात त्यात पायजे. न्हाईतर ते नुसतं पांघरूण." त्यांच्या आईनं असंच केलं होतं, आईच्या आईनंही.

माझे चोवीस चौक त्यांनी तीन वर्षांत, मला न सांगता, करून ठेवले होते. बिबट्याचा पिंजरा त्यात होता. माझा आखूड ताराही होता, भोवती पट्टी लावून मापाला आणलेला. त्या दुपारी त्यांनी माझ्या समोर माझा कागद दुमडला, कापला, शिवला. तुकडे बंबात टाकायला माझ्याच हातात दिले. मी घुटमळले तर म्हणाल्या, "टाक. आता ते गोधडीत आलं. कागदाचं काय काम?"

मग त्यांनी ट्रंकेतून दुसरी गोधडी काढली आणि जमिनीवर पसरली. अशी गोधडी मी त्यांच्या हातचीही पाहिली नव्हती. चोवीस चौक, आणि मधोमध चौकोनी भोक. त्यातून फरशी दिसत होती.

"शाहीनची," त्या म्हणाल्या.

भोकाच्या कडेवरून बोट फिरवत त्यांनी सांगितलं. "बारावीला लई चांगले मार्क व्हते तिला. त्याच साली तिचे अब्बा गेले. दीर म्हणाले, ठिकाण चांगलं हाय, परत मिळायचं न्हाई. पोरगी न्हाई म्हणत व्हती. मी हो म्हणले." थोड्या वेळानं म्हणाल्या, "जाताना म्हणाली, तू घालवलंस, आता बोलवू नको. मग मी न्हाई बोलवलं."

"फोन करत नाही का?"

"ईदला करती. बरी हायेस का, विचारती. बरी हाय, म्हणती मी. मग दोघी गप. मग ती ठेवती." नऊ वर्षं झाली होती.

मी त्या टेबलाचा विचार करत होते, आणि लावणीला बोलावणार का या प्रश्नाचा. आमच्या वाडीतही बारावीनंतर पोरींची लग्नंच होत. माझं झालं नाही, कारण एका बाईनं माझ्या वडिलांना उंबऱ्यावर अडवलं होतं. ती स्वतःला कुठं अडवू शकली नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं मी बीएड केलं, पिंपळवंडीच्या शाळेत लागले, तिथंच खोली घेतली. रविवारी मात्र जुन्नरला जायचे. चाचींनी वरची खोली मग कुणाला दिली नाही. "आता जिना चढवत न्हाई, झाडलोट व्हत न्हाई," म्हणायच्या. ट्रंकेतली गोधडी दर रविवारी उन्हात पडलेली असायची. कसर लागेल म्हणून, असं त्या सांगायच्या.

एका रविवारी मी त्यांच्या मोबाइलमधून शाहीनचा नंबर घेतला आणि पिंपळवंडीला येऊन फोन केला. "मी मनीषा. चाचींकडं वरच्या खोलीत राहत होते."

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मग, "बोला."

"चाचींची एक गोधडी अडलीय. मधल्या चौकाला तुमचा हात पाहिजे."

"अजून ठेवलीय ती?" आणि मग, "मी फोटो पाठवला तर चालेल?"

संध्याकाळी फोटो आला. वहीच्या पानावर पेन फिरवून काढलेला पंजा. मी गणिताची पदवीधर, पुढच्या रविवारी आनंदानं तो चाचींपुढं धरला. त्यांनी पडद्यावर बोटं ठेवून फाकवली, पंजा एकदम मोठा झाला. बोटं जवळ आणली, एवढासा झाला.

"हे मोठंबी व्हतंय, लहानबी व्हतंय," त्या म्हणाल्या. "ह्यातलं खरं कोणचं?"

पट्टी शेजारी ठेवून फोटो काढायला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चाचींचं हे वाक्य मी शाहीनला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. ती हसली. मग हसणं थांबलं आणि ती म्हणाली, "येते मी."

थंडीतल्या एका रविवारी ती अडीचच्या नाही, सकाळच्या गाडीनं आली. मुलाला सासूजवळ ठेवून आली होती, चारच्या गाडीनं परत जायचं होतं. चाची दारात उभ्या होत्या. मला वाटलं होतं, रडतील. चाची म्हणाल्या, "आ गई?" ती म्हणाली, "हौ." "गाडीत जागा मिळाली?" "मिळाली, घाटापर्यंत उभी होते." मायलेकी त्यांच्या घरच्या बोलीत बोलत होत्या, मी माझ्या मराठीत लिहिते आहे. त्या अशा बोलत होत्या की ती जणू बाजारातून परत आली होती. फक्त चाचींनी चहात साखर दोनदा घातली आणि दोघींनी तो तसाच प्यायला.

जेवण झाल्यावर शाहीन जिना चढून वर गेली. मी मागोमाग गेले. ती टेबलाशी उभी होती. खण उघडून तिनं प्रयोगवही पाहिली, पानं उलटली नाहीत.

"इथंच बसून अभ्यास केलास?"

"हो."

"दुपारी उजेड चांगला येतो इथं."

"हो."

"माहितीय मला," ती म्हणाली आणि खण बंद केला.

खाली चाचींनी पेपर अंथरून ठेवला होता. शाहीन खाली बसली आणि तिनं पंजा पसरला. चाचींनी अंगठ्याशी नख टेकवलं, करंगळीशी टेकवलं. तिची दोन बोटं आडवी ठेवली. चौकोन कापला आणि गोधडीच्या भोकावर ठेवला.

कागद भोकात बसला नाही. चारी बाजूंनी बोट-बोट बाहेर आला.

चाचींनी तो उचलला, फिरवून परत ठेवला. जणू फिरवल्यानं लहान होईल. मग कडा नखानं चाचपल्या. गोधडी चुकली नव्हती. चौक सगळे मापात होते. भोक मात्र त्यांनी आठवणीतल्या हाताच्या मापानं ठेवलं होतं.

"अम्मी," शाहीन म्हणाली, "कुणाचा हात धरला होतास तू?"

"तुझाच. तुला घडी घालायला शिकवली व्हती तवाचा."

"तेव्हा मी सातवीत होते!"

"व्हय."

"त्यानंतर नाही बघितलास?"

चाची कागदाकडं बघत होत्या. "त्यानंतर तुझ्या हातात पुस्तक असायचं," त्या म्हणाल्या.

 शाहीन म्हणाली, "जाऊ दे. कागद थोडा कमी कर. कोण बघणार आहे?"

"मग हात कापू का तुझा?"

ती हसली, चाचीही हसल्या, आणि हसता हसता चाचींनी तिचा हात धरला तो चारच्या गाडीची वेळ होईपर्यंत सोडला नाही. "आठ चौक उसवून भोक मोठं करते," म्हणत होत्या. "मग तयार व्हईल. मग घेऊन जा." शाहीन म्हणाली, "मे महिन्यात पोराला सुट्टी असते." येईन असं ती म्हणाली नाही, चाचींनीही ये असं म्हटलं नाही. बोलवू नको हे शब्द त्यांनी एवढी वर्षं पाळले होते, त्या दिवशीही पाळले. स्टँडवर सोडायला मी गेले. गाडी सुटताना शाहीन खिडकीतून एवढंच म्हणाली, "अम्मी दुपारी जेवते ना वेळेवर?"

पुढच्या रविवारांना मी चाचींना उसवताना पाहिलं. दाढीच्या ब्लेडच्या तुकड्यानं एकेक टाका, कापडाला धक्का न लावता. भोक आधी मोठं झालं, फार मोठं, नऊ चौकांएवढं. गोधडी मांडीवर घेतली की त्यातून त्यांचे दोन्ही गुडघे बाहेर यायचे. मग आठ चौक एकेक करून परत बसले. मे महिना आला. शाहीनच्या सासूबाई पडल्या, तिला निघता आलं नाही. तिनं तसा फोन केला. ईद नव्हती तरी केला, हे चाचींनी मला दोनदा सांगितलं.

मागच्या महिन्यात गेले तेव्हा गोधडी जमिनीवर पसरलेली होती. भोक आता नेमकं होतं. शाहीनचा कागद त्यात ठेवलेला होता, कडेला कडा लागून, इकडे नाही की तिकडे नाही. शेजारी कापडंही काढून ठेवली होती, निळी, राखाडी आणि एक फिकट हिरवं.

"झालंच की, चाची. आता एक चौक राहिला."

"व्हय."

"मग अडलंय कुठं?"

चाचींनी कागद उचलून मांडीवर घेतला. "घडी घातली की कापावा लागंल," त्या म्हणाल्या.

मला जरा वेळानं समजलं. त्यांना दुसरी रीत माहीतच नव्हती. दुमडायचं, नख फिरवायचं, कापायचं, आणि तुकडे बंबात.

"मी दुसऱ्या कागदावर उतरवून देते. अगदी तेवढाच. तो दुमडा, हा ठेवा."

"त्याच्यावर तिचा हात कुटं व्हता?"

"पण माझा कागद तर तुम्ही मलाच बंबात टाकायला लावला होता."

चाचींनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तू दर रविवारी येतीस," त्या म्हणाल्या.

मी चहा केला. आम्ही प्यायलो. मी कप पूर्ण रिकामा केला. निघाले तेव्हा अडीच वाजायला आले होते. गल्लीच्या वळणावरून मागं पाहिलं. चाची उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसल्या होत्या, कागद पुढ्यात. त्यांनी त्याचा एक कोपरा उचलून समोरच्या कोपऱ्यावर आणला, दोन्ही नीट जुळवले आणि डाव्या हातानं धरले. कागद मधे फुगून उभा राहिला, एखाद्या लहानशा छपरासारखा. उजवा अंगठा घडीच्या वर आला आणि तिथंच थांबला.

स्टँडवर वळणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. चाचींनी मान वर केली, डाव्या हाताची बोटं सुटली. घडीवर नख लागलेलं नव्हतं. कागद आपोआप उघडला.